दुसऱ्याने अर्ध्यावर सोडलेलं किट विमान: खरेदीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

घरी विमान बांधणाऱ्यांमध्ये एक जुना विनोद चालतो: नव्वद टक्के काम झालं, आता फक्त नव्वद टक्के उरलंय. किट म्हणजे कंपनीकडून सुट्या भागांत येणारं, घरी जोडायचं विमान. विक्रीला काढलेल्या अर्धवट किटच्या वर्णनात 'नव्वद टक्के पूर्ण' असं वाचलं की हा विनोद आठवावा. धड, पंख आणि शेपूट उभं राहिलं की डोळ्यांना विमान दिसायला लागतं आणि काम संपत आल्यासारखं वाटतं. खरं तर इंजिन बसवणं, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, कॅनोपी (वैमानिकावरचं पारदर्शक झाकण), काउलिंग (इंजिनावरचं झाकण) ही वेळखाऊ कामं तिथून पुढे असतात. पुष्कळ किटं नेमकी याच टप्प्यावर कोपऱ्यात जातात आणि काही वर्षांनी विकायला निघतात.

असं किट, किंवा कोणीतरी बांधून उडवलेलं आणि मग सुटं करून ठेवलेलं विमान, नवख्याने घ्यावं का? माझं उत्तर 'हो' असं आहे, पण एका अटीवर. आधीच्या माणसाने केलेलं काम 'झालेलं' धरायचं नाही, 'तपासायचं राहिलेलं' धरायचं. ही अट मान्य नसेल तर सरळ नवं किट घ्यावं. त्यात कष्ट जास्त असले तरी डोक्याला ताप कमी.

आधी कागद, मग पत्रा

पाहायला जाल तेव्हा पहिला हात कागदांना लावा. किटचा अनुक्रमांक, मूळ खरेदीची पावती, मालकी हस्तांतराचे सगळे दुवे, नकाशे आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या, किट कंपनीने वेळोवेळी काढलेली सुरक्षाविषयक पत्रकं, आणि सर्वांत महत्त्वाची बांधणीची नोंदवही. फोटो असलेली, तारखा घातलेली नोंदवही हातात आली तर त्या किटचं मोल दुप्पट समजा.

यामागे भावनेपेक्षा कायद्याचा भाग मोठा आहे. अमेरिकेत एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमानुसार विमानाचा मोठा भाग हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी बांधलेला असावा लागतो. यालाच बोलीभाषेत ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. तो हिस्सा एकाच माणसाने बांधावा अशी अट नाही, आधीच्या हौशी बांधणाऱ्याचं कामही मोजलं जातं. पण ते काम त्याने केलं की पैसे घेऊन कुणा कारागिराने, हे दाखवायला नोंदवही आणि फोटोच लागतात. इंग्लंडमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे निरीक्षक टप्प्याटप्प्याने काम पाहून सही करतात, त्यामुळे तिथे सह्यांचा कागद नसलेला बंद पंख ही मोठी डोकेदुखी ठरते. तुमच्या देशाचा नियम काय आहे हे पैसे देण्याआधी विमान वाहतूक नियामकाकडून लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तरावर विमान घेऊ नये.

एकदा उडालेलं विमान असेल तर प्रश्न वेगळा. ते 'बांधलेलं' म्हणून आधीच नोंदलेलं असतं. तुम्ही ते कितीही खोलवर जाऊन पुन्हा उभं केलं तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही त्याचे बांधणारे होत नाही. अमेरिकेत त्याच्या वार्षिक तपासणीवर सही करण्याचा जो परवाना मूळ बांधणाऱ्याला मिळतो, तो तुम्हाला मिळत नाही. त्या सहीसाठी वेगळा, योग्य परवाना लागतो. घेण्याआधी हा खर्च हिशेबात धरा.

विमान कशाचं बनलंय

किट विमानं ढोबळमानाने चार प्रकारची: रिव्हेट मारलेल्या अॅल्युमिनियम पत्र्याची (व्हॅन्सची आरव्ही मालिका, झेनिथ), पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड चढवलेली (किटफॉक्स), लाकडाची (पीटेनपोल एअर कँपर), आणि फोमवर काचतंतू व रेझिन चढवलेली. शेवटच्या प्रकाराला बर्ट रुटान यांच्या १९७५ सालच्या व्हेरीईझने लोकप्रियता दिली.

दुसऱ्याचं काम तपासायचं आहे म्हणून मी नवख्याला धातूचं किट सुचवेन. पत्र्यावरची चूक दिसते. रिव्हेट वाकडा असेल तर वाकडाच दिसतो. काचतंतूच्या विमानात मात्र चूक गुळगुळीत पृष्ठभागाखाली कायमची झाकली जाते. थर सुटलेत का हे पाहायला नाणं हलक्या हाताने टकटक वाजवत पूर्ण पंखावरून फिरतात. घट्ट जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द. ही पद्धत उपयोगी आहे, पण आतल्या रेझिनचं प्रमाण बरोबर होतं का हे ती सांगत नाही. शिवाय पॉलिस्टायरीन फोम पेट्रोलमध्ये विरघळतो, आणि रंगाचं संरक्षण नसेल तर उन्हाने झिजतो. अशा विमानाच्या टाकीजवळ गळतीचा डाग दिसला तर तिथेच थांबावं.

घरी आणताना

पंख आडवे, एकावर एक रचून कधीही नेऊ नका. पुढची कड खाली करून, गादी लावलेल्या लाकडी कमानींत उभे बसवून न्यायचे. एलेरॉन आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या; एलेरॉन विमान कलवतात), रडर (शेपटीची उभी हलती फळी) काढून वेगळे गुंडाळायचे. त्यांच्या मागच्या कडा फार पटकन दबतात.

सुटं करण्याआधी प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, जवळून आणि लांबून. निघालेला प्रत्येक बोल्ट, वॉशर आणि नट एका पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव. वॉशर किती होते आणि कोणत्या बाजूला होते तेही लिहा. शेपटीच्या जोडातल्या वॉशरांनी कोन ठरवलेला असू शकतो.

घरी आल्यावर सगळी उघडी तोंडं बंद करा. उंदीर पंखात घरटं करतात आणि त्यांच्या मुताने अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कुंभारमाशी टाकीच्या हवेच्या नळीत आणि पिटो नळीत (वेग मोजण्यासाठी हवा घेणारी नळी) मातीचं घर बांधते. दोन्ही गोष्टी बाहेरून दिसत नाहीत.

उघडून पाहणं

इथे घाई करू नका. या कामात जितके आठवडे जातील तितके पुढे वाचतात.

धातूच्या किटमध्ये पहिली नजर पत्र्यावरच्या निळ्या प्लॅस्टिकच्या फिल्मवर. ओरखडे पडू नयेत म्हणून कारखान्यातून ती चिकटून येते, आणि आधीच्या मालकाने 'राहू दे, संरक्षण आहे' म्हणून वर्षानुवर्षं तशीच ठेवलेली असते. जुनी झाली की ती तुकड्यातुकड्याने निघते. गरम हवेच्या गनने थोडी शेकत, एका कोपऱ्यातून हळू ओढा. खाली चकचकीत पत्रा निघाला तर उत्तम. पण कडेला, जिथे ओल शिरली असेल, तिथे पांढरट भुकटी आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसू शकतात. हा अॅल्युमिनियमचा गंज. नखाने खरवडून पाहा. वरवरचा असेल तर साफ करून, रासायनिक प्रक्रिया करून प्रायमर मारता येतो. खड्डे जाणवले तर तो भाग बदलायचा. तो मुख्य स्पारवर (पंखातली भार पेलणारी तुळई) असेल तर किट कंपनीला फोटो पाठवून उत्तर येईपर्यंत पुढचं काम बंद.

मग रिव्हेट. ठोकून फुलवलेल्या बाजूचं डोकं मूळ दांड्याच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच असावं. म्हणजे ३.२ मिलिमीटरच्या रिव्हेटचं डोकं साधारण ४.८ मिलिमीटर रुंद आणि १.६ मिलिमीटर उंच. या मापाचं छोटं गेज मिळतं, ते खिशात ठेवा. डोकं एका बाजूला झुकलंय का, पत्रा आणि डोकं यांच्यामध्ये फट आहे का, भोक पत्र्याच्या काठाच्या फार जवळ पडलंय का, हे पाहत रांगेने जा. भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत निदान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं. उडालेल्या विमानात रिव्हेटभोवती काळपट धुराचा ओघळ दिसला तर तो रिव्हेट सैल होऊन हलतोय.

थोडासा वाकडा रिव्हेट दिसला की काढायला धावू नका. काढताना भोक मोठं होण्याचा धोका त्या वाकडेपणापेक्षा जास्त असतो. काढायचाच असेल तर रीत अशी: विमानात नेहमी वापरल्या जाणाऱ्या 'एडी' जातीच्या रिव्हेटच्या डोक्यावर मधोमध एक बारीक खळगा असतो. ड्रिलचं टोक त्यात टेकवा. मशीन सुरू करण्याआधी बिट हाताने एकदोनदा फिरवून जागा पक्की करा. फक्त डोक्याच्या जाडीइतकं खोल जा. मग त्याच मापाची पिन भोकात घालून किंचित वाकवा, डोकं टपकन सुटतं. उरलेला दांडा मागून लाकडाचा किंवा धातूचा ठोकळा लावून हलक्या ठोक्याने बाहेर. पहिले काही रिव्हेट भंगारातल्या पत्र्यावर काढून हात बसवा.

नळ्यांच्या सांगाड्यात शेपटीकडच्या खालच्या नळ्या पहिल्यांदा पाहा. शेपटीला चाक असलेलं विमान मागे झुकून उभं असतं, त्यामुळे पाणी तिथेच साठतं आणि गंज आतून बाहेर येतो. टोकदार पंचाने जरा जोर देऊन टोचत जा. चांगली नळी दाद देत नाही, कुजलेली आत जाते. जुन्या सांगाड्यावरचं कापड कितीही ताणलेलं दिसलं तरी माझा सल्ला ते उतरवण्याचा. कापडाखाली काय आहे हे पाहायची ती एकच संधी असते. नवं पॉलिएस्टर कापड इस्त्रीने आक्रसवून ताणतात. सुरुवात १२० अंश सेल्सियसच्या आसपास आणि शेवट सुमारे १७५ अंशांवर. त्यापुढे कापड उलट सैल पडतं. घरच्या इस्त्रीवरच्या आकड्यांवर भरवसा नको, तिचं तापमान थर्मामीटरने तपासून खुणा करून घ्या.

लाकडात सांधे आणि पाणी साठण्याच्या जागा. काळे डाग, डिंकाच्या रेषेवरची फट, टोचल्यावर मऊ लागणारी फळी, यातलं काहीही दिसलं तर अनुभवी माणसाला बोलवा. बोलवायचंच आहे म्हणून सांगतो: १९५३ साली पॉल पोबेरेझनी यांनी स्थापन केलेल्या एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनकडे तांत्रिक सल्लागार स्वयंसेवक असतात. ते येऊन काम बघतात आणि मोकळेपणाने दोष सांगतात. अशी संघटना जवळ असेल तर काहीही झाकण्याआधी, म्हणजे पंखाचा शेवटचा पत्रा बंद करण्याआधी, त्यांना दाखवा.

काय सरळ फेकायचं

रबराचं वय वापरावर नाही, कॅलेंडरवर मोजतात. इंधनाच्या आणि तेलाच्या नळ्या, ओ रिंग, ब्रेकचे सील, टायर: जुन्या किटबरोबर आलेलं हे सगळं पाकीटबंद असलं तरी बदला. रोटॅक्स ९१२ इंजिनासाठी तर रबरी भाग दर ५ वर्षांनी बदलायचे हे कंपनीनेच ठरवून दिलंय. मुदत संपलेलं इपॉक्सी, टाकीचं सीलंट, डिंक यांनाही हाच न्याय.

नटबोल्टांच्या डब्याकडे संशयाने पाहा. विमानासाठीच्या 'एएन' या प्रमाणाच्या पोलादी बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी खूण असते. खूण नसलेला, बाजारातला बोल्ट दिसला की बाजूला काढा, आणि तो कुठेकुठे वापरला गेलाय हे शोधा. एएन क्रमांकातला पहिला आकडा जाडी सांगतो, इंचाच्या सोळाव्या भागात: एएन ३ म्हणजे तीन सोळांश इंच, एएन ४ म्हणजे पाव इंच. बोल्टचा गुळगुळीत दांडा सांध्याच्या जाडीत बसला पाहिजे, आटे आत येता कामा नयेत. आत नायलॉनचं कडं असलेला नट बोटांनी पूर्ण फिरत असेल तर त्याची पकड गेली. आणि असे नट इंजिनाच्या बाजूला वापरायचे नाहीत, १२० अंशांच्या पुढे नायलॉन टिकत नाही. तिथे पूर्ण धातूचे नट.

जागा आणि हत्यारं

जागा कोरडी, उजेडाची आणि कुलूप लागणारी असावी, एवढं पुरे. हत्यारांत तीन गोष्टींवर कंजुषी करू नका: धारदार ड्रिल बिट, भोकांची धार मोडणारं हत्यार, आणि लहान मापाचा टॉर्क पाना. मोटारीच्या चाकांसाठीचा पाना इथे निरुपयोगी. एएन ३ बोल्टला २० ते २५ इंच-पौंड, एएन ४ ला ५० ते ७० इंच-पौंड इतकाच ताण लागतो. लॉक नट असेल तर तो मोकळा फिरवायला जितका जोर लागतो तो आधी मोजून या आकड्यात मिळवायचा. प्रत्येक बोल्ट कसल्यावर त्यावर रंगाची बारीक रेघ ओढा, नटावरून पत्र्यावर जाणारी. पुढे तपासणीत रेघ तुटलेली दिसली की नट हललाय हे लगेच कळतं.

पत्रे तात्पुरते धरून ठेवायला क्लेको वापरतात. त्यांच्या रंगावरून माप ओळखायचं: रुपेरी तीन बत्तिसांश इंचाचे, तांब्याच्या रंगाचे एक अष्टमांश इंचाचे. ते कितीही घेतले तरी कमीच पडतात.

आणि एक बारीक गोष्ट: अॅल्युमिनियमवर शिसपेन्सिलने खुणा करू नका. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमुळे तिथे गंज धरतो. मार्कर पेन वापरा. टोकदार सळईने रेघ मारणं तर त्याहून वाईट, कारण वाकवल्यावर तडा त्याच रेघेतून सुरू होतो.

जोडणी

धड समपातळीत बसवा, हलणार नाही असं. पंख चढवताना निदान तीन माणसं: एक टोकाला, एक मुळाशी, एक फक्त बोल्टच्या भोकाकडे पाहणारं. मुख्य बोल्ट हाताने किंवा हलक्या थापेने जायला हवा. हातोडा उचलावासा वाटला तर काहीतरी रेषेत नाही. टोकाच्या माणसाला पंख केसभर वर-खाली करायला सांगा, बोल्ट आपोआप सरकतो. दोन्ही पंखांच्या टोकांपासून शेपटीवरच्या एकाच बिंदूपर्यंतची अंतरं मोजा. ती जुळली पाहिजेत. मग दोन्ही पंखांचा बसण्याचा कोन नकाशाशी ताडून पाहा. नवी भोकं पाडायची असतील तर ती या सगळ्यानंतर.

नियंत्रणाच्या तारांवरून हातमोजा किंवा फडकं फिरवा. तुटलेला तंतू असेल तर धागा अडकतो. फिरक्यांपाशी तार वाकवून पाहा, बहुतेक तुटणं तिथेच असतं. टर्नबकलच्या (तारेचा ताण कमी-जास्त करणारा आट्यांचा जोड) नळीबाहेर दोन्हीकडे तीनपेक्षा जास्त आटे दिसता कामा नयेत, आणि ताण जुळवल्यावर सुरक्षा तार बांधल्याशिवाय तो पूर्ण झाला असं धरू नका. जिथे सांधा फिरतो तिथे खाचांचा नट आणि त्यातून कॉटर पिन. फक्त नायलॉनच्या नटावर फिरता सांधा सोडायचा नाही.

आता दिशा. हे हास्यास्पद वाटेल इतकं सोपं आहे, तरी एलेरॉन उलटे जोडून उड्डाणाला निघालेली विमानं पडली आहेत. स्टिक (वैमानिकाच्या हातातला नियंत्रणाचा दांडा) मुठीत धरून अंगठा सरळ वर करा. स्टिक डावीकडे झुकवली की अंगठा डावीकडे झुकतो, आणि तो ज्या बाजूला झुकला त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. स्टिक मागे ओढली की एलिव्हेटरची (शेपटीची आडवी हलती फळी) मागची कड वर. उजवा पाय दाबला की रडर उजवीकडे. तुम्ही तपासाच, शिवाय ज्याने जोडणी केलेली नाही अशा माणसालाही तपासायला लावा.

इंजिन

वर्षानुवर्षं पडून असलेलं इंजिन चालू होतं म्हणजे चांगलं आहे असं नाही. लायकोमिंगच्या इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) वरच्या बाजूला असतो. बंद इंजिनात तेल खाली उतरतं, कॅम कोरडा पडतो आणि गंजतो. आधीचा मालक अभिमानाने सांगेल की तो दर महिन्याला प्रोपेलर हाताने फिरवायचा. त्याने भलं होत नाही, उरलासुरला तेलाचा थरही पुसला जातो. खुद्द लायकोमिंगचा सल्ला हाताने फिरवू नका असाच आहे. सिलिंडरमध्ये बोरोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून भिंती पाहा. गंजाचे डाग असतील किंवा इतिहास ठाऊक नसेल तर इंजिन उघडण्याचे पैसे सौद्यातून आधीच वजा करा.

प्रोपेलर नेहमी जिवंत समजा. स्पार्क प्लगला वीज देणाऱ्या मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. बंद करणारी तार कुठेतरी तुटली असेल तर चावी काढलेली असतानाही, हाताने पातं हलवल्यावर इंजिन एक फटका मारू शकतं. प्रोपेलरजवळ काम करताना वरचे स्पार्क प्लग काढून ठेवलेले बरे.

इंधनाची चाचणी या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते. विमान जास्तीत जास्त चढाच्या कोनात, नाक वर करून उभं करा. टाकीत अगदी थोडं इंधन ठेवा, कार्ब्युरेटरची नळी सोडून मापाच्या भांड्यात धरा आणि मिनिटाला किती येतं ते मोजा. इंधन गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर पूर्ण जोरावर जमीन सोडतानाच्या खपाच्या १५० टक्के, पंपाने येत असेल तर १२५ टक्के प्रवाह हवा. समजा इंजिन पूर्ण जोरावर तासाला ३६ लिटर पितं. मग गुरुत्वाकर्षणावर मिनिटाला ९०० मिलिलिटर यायला हवं, पंपावर ७५० मिलिलिटर. कमी भरलं तर वळणं, झडप, गाळणी आणि हवेची नळी एकेक करून तपासा. चाचणी उघड्या हवेत, अग्निशामक शेजारी ठेवून, आणि विमान व भांडं दोन्ही तारेने जमिनीशी जोडून करायची. शेवटी गाळणीत पाहा. नव्याने जोडलेल्या व्यवस्थेत धातूचा चुरा आणि सीलंटचे तुकडे निघतातच. निघणं थांबेपर्यंत धुवत राहा.

टाकीची गळती पाहायला एका तोंडाला साधा फुगा लावून किंचित हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. फुगा संध्याकाळी लहान झाला म्हणून घाबरू नका, थंडीने हवा आकुंचन पावते. बुडबुडा मात्र खोटं बोलत नाही.

विजेच्या कामात एकच आवर्जून सांगतो: इंजिन आणि सांगाडा यांना जोडणारी जाड पट्टी विसरू नका. ती नसेल तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह थ्रॉटलच्या तारेतून वाट काढतो आणि ती जाळतो.

वजन आणि गुरुत्वमध्य

विमान उड्डाणाच्या समपातळीत ठेवून तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे. तेल भरलेलं, वापरता न येणारं इंधन तेवढं टाकीत. नकाशात दिलेल्या संदर्भरेषेपासून प्रत्येक चाकाचं अंतर ओळंबा सोडून मोजा, पुस्तकातलं घेऊ नका. मग प्रत्येक वजन गुणिले त्याचं अंतर, त्या सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन.

उदाहरणादाखल: मुख्य चाकांवर १५२ आणि १५० किलो, अंतर १.५० मीटर. शेपटीच्या चाकावर २४ किलो, अंतर ५.९० मीटर. एकूण ३२६ किलो. गुणाकारांची बेरीज ४५३ अधिक १४१.६, म्हणजे ५९४.६. भागिले ३२६, तर गुरुत्वमध्य १.८२ मीटरवर. यात वैमानिक, सहप्रवासी, सामान, इंधन घालून पुन्हा पुन्हा हिशेब करा, विशेषतः दोन टोकांचे. पुढे सर्वांत जड केव्हा होईल आणि मागे सर्वांत जड केव्हा. बऱ्याच विमानांत इंधन जळत जाईल तसा मध्य मागे सरकतो, म्हणून निघताना मर्यादेत आणि उतरताना बाहेर असं होऊ शकतं. मागे गेलेला मध्य पुढे गेलेल्यापेक्षा जास्त घातक असतो, कारण स्टॉल झालेलं (वेग कमी होऊन पंखांची उचल तुटलेलं) विमान त्यातून बाहेर न येण्याची भीती असते.

पहिलं उड्डाण कोणी करायचं

बांधणाऱ्यानेच करायचं असा काही दंडक नाही. विमान बांधण्यात वर्षं गेलेली असतात आणि त्या वर्षांत बांधणाऱ्याचं स्वतःचं उड्डाण जवळजवळ बंद पडलेलं असतं. अमेरिकेच्या एनटीएसबीने, म्हणजे अपघात तपासणाऱ्या सरकारी मंडळाने, २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात इंजिनाचे बिघाड आणि हवेत ताबा सुटणं ही दोन कारणं ठळक होती, आणि विमानाच्या सुरुवातीच्या उड्डाणांत धोका जास्त दिसला. तयार विमान विकत घेतलेल्या नव्या मालकांच्या बाबतीतही तेच. त्याच जातीच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर काही तास घ्या. ते जमत नसेल तर ज्याला ते विमान रोजचं आहे त्याच्या हाती पहिलं उड्डाण द्या.

धावपट्टीवर हळू चालवून ब्रेक आणि वळणं तपासा. पण जोरात पळवत शेपूट उचलण्याचे खेळ पुन्हा पुन्हा नकोत. त्यात ना धड जमीन ना धड आकाश अशी अवस्था येते. शिवाय नव्याने बांधलेल्या लायकोमिंगसारख्या हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला जमिनीवरचं रेंगाळणं मानवत नाही. त्याच्या पिस्टन रिंगा नीट बसायला सुरुवातीचे तास चांगल्या जोरावर, साध्या खनिज तेलावर आणि हवेत काढावे लागतात. जमिनीवर कमी जोरात तापवत बसलं तर सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत चकाकतात आणि इंजिन कायमचं तेल पितं.

पहिल्या उड्डाणात काही सिद्ध करायचं नाही. लांब धावपट्टी, शांत वारा, विमानात एकटा वैमानिक. धावपट्टीच्या वरच उंची घेऊन गोल फिरायचं, तापमान आणि दाब पाहायचे. वेगमापक चुकीचा असू शकतो, म्हणून उंचीवरच हळूहळू वेग कमी करत विमान कुठे थरथरायला लागतं तो आकडा टिपायचा आणि उतरताना त्याच आकड्याच्या हिशेबाने यायचं. इंधनाचा वास, तेलाचा दाब, विचित्र कंप, काहीही वाटलं तरी उतरायचं.

उतरल्यावर काउलिंग पूर्ण काढा. तेल, इंधन, एग्झॉस्टचे डाग, सैल क्लँप, घासणारी तार, रंगाच्या रेघा, सगळं पाहून झाल्यावरच दुसरं उड्डाण. लाकडी प्रोपेलर असेल तर त्याचे बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासा. लाकूड हवेतल्या ओलीप्रमाणे फुगतं आणि आक्रसतं. अमेरिकेत या चाचणीच्या टप्प्यासाठी पूर्वापार हिशेब असा: प्रमाणित इंजिन आणि प्रोपेलरची जोडी असेल तर २५ तास, नसेल तर ४० तास, ठरलेल्या क्षेत्रातच. ते तास नुसते फिरून संपवू नका. चढाचा वेग, स्टॉलचा वेग, खप, वेगवेगळ्या वजनांवरची वागणूक लिहीत गेलात तर तेच तुमच्या विमानाचं माहितीपुस्तक होतं.

रंग यानंतर. चाचणीत काहीतरी कापावं, जोडावं लागतंच आणि रंगवलेल्या पत्र्यावर हात चालत नाही. रंग झाला की विमान पुन्हा वजनकाट्यावर चढवायचं, आणि एलेरॉन, एलिव्हेटर, रडर यांचा तोल पुन्हा तपासायचा. मागच्या कडेला बसलेल्या रंगाच्या थोड्याशा वजनानेही वेगात फडफड सुरू होऊ शकते. नवे आकडे वजनाच्या तक्त्यात लिहून जुना तक्ता विमानातून काढून टाका.